पिकलेल्या केळ्यातून डीएनए वेगळा कसा करावा

न्यूक्लिक आम्लांची, म्हणजे पेशीत आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या डीएनएची व ती वाहून नेणाऱ्या आरएनएची, रचना नुसती पाठ करण्यापेक्षा ती प्रयोगातून समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. कोकणात परसातल्या केळीचा घड उतरला की एक पूर्ण पिकलेले केळे त्यासाठी बाजूला ठेवावे. औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून, बाटली घट्ट बंद करून, आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवावे. ते ज्वालाग्राही व विषारी असल्याने चुलीपासून आणि लहान मुलांपासून दूर असावे.

प्रथम अर्धे केळे अर्धा कप पाण्यात कुस्करावे. दुसऱ्या पेल्यात पाव कप पाणी, एक चमचा भांडी घासण्याचा द्रव साबण आणि अर्धा चमचा मीठ मिसळावे. शिरोड्याच्या मिठागरातले खडे मीठ असल्यास ते पूर्ण विरघळू द्यावे. दोन्ही एकत्र करून, फेस न आणता, हलक्या हाताने ढवळावे व दहा मिनिटे ठेवावे. पेशीचे आणि केंद्रकाचे पटल मेदाचे असल्याने साबण ते फोडतो. जोराने ढवळल्यास मात्र मोकळे झालेले लांब रेणू तुटतात.

मिठाचे काम अधिक सूक्ष्म आहे. डीएनएचे दोन धागे सुंभाच्या दोन पदरांसारखे एकमेकांभोवती पिळलेले असतात. प्रत्येक धाग्याचा कणा शर्करा व फॉस्फेट यांचा असतो, तर आतल्या बाजूस बेस नावाच्या घटकांपैकी ॲडेनीनची थायमिनशी आणि ग्वानिनची सायटोसिनशी जोडी जमते. फॉस्फेटवरील ऋण प्रभारामुळे रेणू पाण्यात विरघळतात व परस्परांना दूर लोटतात. मिठातील सोडियमचे धन आयन हा प्रभार झाकतात, म्हणून पुढे डीएनएचे रेणू एकत्र येऊ शकतात.

मिश्रण सुती फडक्यातून, न पिळता, गाळावे. पेला तिरपा धरून गाळलेल्या द्रवाइतकेच गार अल्कोहोल कडेने सावकाश ओतावे, म्हणजे त्याचा थर वर राहतो. अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नसल्याने काही मिनिटांत सीमेवर पांढरे तंतू दिसू लागतात.

हे तंतू म्हणजे एकच रेणू नव्हे, कारण दुहेरी सर्पिलाची जाडी केवळ 2 नॅनोमीटर असते. असंख्य रेणूंच्या या गुंत्यात आरएनए आणि केळ्यातील पेक्टिन हा चिकट पदार्थही असतो. आरएनए बहुधा एकपदरी असून त्यात थायमिनऐवजी युरॅसिल असते. डीएनएमधील बेसांच्या क्रमात साठवलेली माहिती संदेशवाहक आरएनए पेशीतील रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कणांपर्यंत नेतो, आणि तिथे त्या क्रमानुसार प्रथिन बांधले जाते. स्विस शास्त्रज्ञ फ्रेडरिक मिशर यांनी 1869 मध्ये डीएनए प्रथम वेगळा केला तो जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून. त्याची दुहेरी रचना 1953 मध्ये उलगडली.

तंतू लाकडी काडीवर गुंडाळून, थोड्या अल्कोहोलसह छोट्या बाटलीत बंद करून ठेवावेत.