रोपाशेजारी माठ पुरा, रोजचं पाणी वाचवा

पावसाळ्यात लावलेला कडुनिंब, करंज किंवा बहावा पुढे कमी पाण्यावर तगतो, पण पहिला उन्हाळा काढणं अवघड. वरून ओतलेलं बरंचसं पाणी मुळांपर्यंत जाण्याआधीच उडून जातं. शेजारी पुरलेल्या माठातून मात्र ते हळूहळू थेट मुळांशी झिरपतं.

१. पाच-सात लिटरचा, रंग किंवा पॉलिश नसलेला मातीचा माठ घ्या. भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तरच तो कामाचा. पाणी गार होत नाही म्हणून अडगळीत टाकलेला माठ इथेही चालत नाही, त्याची छिद्रं बुजलेली असतात.

२. रोपापासून साधारण फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. भोवतीची माती हाताने नीट दाबा. पोकळी राहिली तर पाणी नीट झिरपत नाही.

३. भरून वर झाकणी ठेवा, नाहीतर डासांची पैदास ठरलेली. भोवती पालापाचोळा पसरा.

४. तीन-चार दिवसांनी पातळी बघून भरा. मुरमाड जमिनीत लवकर संपतं, काळ्या मातीत टिकतं.

तरवडासारख्या काटक झुडपाला मात्र एवढा थाट लागत नाही.

बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर माठावर पांढरा थर धरतो आणि पाझर मंदावतो. पातळी उतरेनाशी झाली की माठ बदला.