आधी खांदे बघा, मग दात

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षी तारा वाकवून बोटं सोलवटतात आणि ऑर्थो (वाकडे दात सरळ करण्याची शाखा) म्हणजे तारच, असं वाटू लागतं. मलाही वाटायचं. मग बारा वर्षांचा एक मुलगा ओपीडीत आला. दुधाचे दात जवळपास सगळे शाबूत. 'हे काढले की खालचे येतील' म्हणून कुठल्याशा दवाखान्यात पुढचे चार काढलेले. दीड वर्ष उलटलं तरी जागा रिकामीच.

ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) जबडा खच्चून भरलेला. कायमचे दात आत अडकलेले, शिवाय जादाचे दात वेगळेच. मी ते मोजत बसलो. मॅडमनी फिल्मकडे बघितलंसुद्धा नाही. पोराला म्हणाल्या, "खांदे पुढे घे बघू, बाळा." दोन्ही खांदे छातीसमोर एकमेकांना टेकायला आले. कॉलरबोन जवळपास नव्हतेच. दारात उभ्या वडिलांनी हसून स्वतःचेही खांदे तसेच करून दाखवले. त्यांना कवळी होती.

क्लायडोक्रेनियल डिसप्लेझिया, हाडांचा आणि दातांचा जन्मजात आजार. दहा लाखांत साधारण एकाला होणारा, आरयूएनएक्स-२ जनुकातल्या बिघाडामुळे. आई किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. म्हणून केस हिस्टरीत 'फॅमिली हिस्टरी: काही विशेष नाही' असं सवयीने खरडू नका. मी तेच खरडलं होतं.

यात नुसते दुधाचे दात काढून भागत नाही. जादाचेही काढावे लागतात, हिरडी उघडून अडकलेल्या दाताला बटण (साखळी अडकवायचा छोटा तुकडा) चिकटवायचं आणि बारीक साखळीने, अगदी हलक्या जोराने खाली आणायचं. कधी उघडायचं हे जन्मतारखेवरून ठरवू नका. या मुलांच्या दातांचं वय मागे असतं, मूळ किती तयार झालंय ते बघा. सर्जनसोबत बसून टप्पे लिहून काढा आणि कागदाची एक प्रत पालकांना द्या. 'दोन वर्षांत संपेल' हे वाक्य तोंडातून काढूच नका.

एक्टोडर्मल डिसप्लेझिया या दुसऱ्या जन्मजात आजाराची तऱ्हाच वेगळी. इथे दातच मोजके, तेही टोकदार, मग तार अडकवणार कशाला? प्रोस्थो (कृत्रिम दात बसवणारे) आणि पेडोवाल्यांशिवाय (लहान मुलांचे दंतवैद्य) पान हलत नाही. लहानपणी दिलेली कवळी जबडा वाढेल तशी बदलावी लागते. यातल्या बऱ्याच मुलांना घाम फारच कमी येतो किंवा येतच नाही, त्यामुळे मे महिन्यात दुपारची अपॉइंटमेंट देऊ नका. (सिंधमधल्या एका घराण्यातल्या अशा पुरुषांची नोंद डार्विनने १८७५ साली केली आहे, वायव्हात (तोंडी परीक्षेत) उपयोगी पडते.)

ठिसूळ हाडांच्या मुलांबाबत एवढंच विचारा: हाडांसाठी सलाइनमधून औषध चालू आहे का? बिस्फॉस्फोनेट असेल तर दात सावकाश सरकतात, आणि दात काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करावा लागतो.

तो मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. वरचा डावा सुळा अजून साखळीवरच आहे.