कार्ड त्यांचं, घर माझं

आमचे हे कुवेतला नोकरीला, मी गोव्यात डिचोलीत सासूबाई आणि दोन मुलींसोबत. सात वर्षं ते पगार स्वतःच्याच जुन्या बचत खात्यात पाठवायचे आणि मी त्यांच्या कार्डाने काढायचे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठ दिवस आधी कार्डाची मुदत संपली. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीचं, सामान, सासूबाईंची इन्सुलिन, सगळंच अडलं. शाखेत गेले तर उत्तर एकच, ‘खातेदाराला घेऊन या.’ खात्यात पैसे होते, पण कागदावर मी कोणीच नव्हते. ते फार लागलं.

चवथ भावाकडून उसने घेऊन पार पडली. नंतर मी आधार, पॅन आणि दोन फोटो देऊन माझ्या नावाचं बेसिक बचत खातं उघडलं. त्यात शिल्लक शून्य असली तरी दंड नाही, आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढणं मोफत. पासबुकावर नाव जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर, खाते क्रमांक आणि शाखेच्या आयएफएससी कोडसह ह्यांना पाठवलं. माझं एक कागदपत्र माहेरच्या नावाचं होतं, ते आधी बदलून घेतलं. नाहीतर पैसे अडकतात.

ह्यांचं जुनं खातंही चुकीचंच होतं. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. ते केलं, शिवाय परदेशातली कमाई ठेवायचं एनआरई खातं उघडलं. त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही. घरखर्च मात्र थेट माझ्या खात्यात येतो. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवर तिला कर लागत नाही.

पहिल्यांदा मोबाईलवर ‘जमा’ असा मेसेज आला, तो मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.