लॅमिनेशनमध्ये फुगे आले? आधी ते कसले आहेत ते बघा

लॅमिनेशन बिघडलं की सरसकट सल्ला मिळतो: ‘तापमान वाढवा आणि पुन्हा मशीनमध्ये घाला.’ निम्म्या वेळा याच सल्ल्याने चांगली प्रिंट कायमची वाया जाते. म्हणून आधी ती उजेडात तिरपी धरून बघा.

गडद रंगावर बारीक, चंदेरी पांढुरकेपणा दिसत असेल, तर पाऊचचा, म्हणजे कागद ज्यात घालतो त्या प्लास्टिकच्या पाकिटाचा, गोंद पुरता वितळलेला नाही. ८० मायक्रॉन जाडीच्या सेटिंगवर १२५चं, म्हणजे जास्त जाड पाऊच घातलं की हमखास असं होतं. अशा वेळी तापमान एक पायरी वाढवा, मशीन नीट तापू द्या आणि बंद कडेकडून पुन्हा घाला. बहुतेक वेळा झाक जाते.

टपोरे फुगे आले असतील तर मात्र थांबा. कागदातल्या किंवा शाईतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती आत अडकलेली असते, नाहीतर उष्णताच जास्त झालेली असते. दोन्हींत तापमान वाढवलं की फुगे आणखी मोठे होतात. टाचणीने टोचू नका. त्याच भोकातून पुढे पाणी शिरतं.

दोष शाईचा की कागदाचा, हे ओळखायला त्याच रीममधला कोरा कागद त्याच सेटिंगवर लॅमिनेट करा. कोरा स्वच्छ निघाला तर प्रिंट ओली होती. इंकजेटची प्रिंट हाताला कोरडी लागते, पण गडद फोटोत शाई आत बराच वेळ ओली राहते. किमान २४ तास सुटी पसरून ठेवा, गठ्ठा करू नका. हेअर ड्रायरने फक्त वरचा थर वाळतो. कोऱ्यावरही फुगे आले तर तापमान उतरवून बघा. तरीही आले तर कागद दमट आहे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघडं पडलेलं रीम हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे ते प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळूनच ठेवा. अप्पा बळवंत चौकातून पाऊच आणताना कागदही सीलबंदच घ्या.

सुरकुत्या पडतात त्या पाऊच तिरकं घातल्यामुळे. कडा सुटतात त्या कापताना चहूबाजूंनी ३ मिमी प्लास्टिक न सोडल्यामुळे. गरम पाऊच वाकतं, म्हणून थंड होईपर्यंत जाड पुस्तकाखाली ठेवा.

थर्मल कागदावरचा ईसीजी किंवा एटीएमची पावती गरम लॅमिनेशनला कधीच देऊ नका. उष्णतेने कागद काळा पडतो आणि मजकूर परत मिळत नाही. त्याची झेरॉक्स काढा आणि ती लॅमिनेट करा.