वर्गात कोर्ट कसं शिकवावं: चौकोन नकोत, एक खटला घ्या

आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. फळ्यावर सर्वोच्च, उच्च, जिल्हा असे तीन चौकोन काढले की तासाभरात उरकतो, पण मुलांच्या डोक्यात सिनेमातला हातोडा तसाच राहतो. आपले न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, हे सांगूनच मी सुरुवात करतो.

१. आधी बोर्ड दाखवा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ‘कॉज लिस्ट’, म्हणजे त्या दिवशी सुनावणीला असलेल्या खटल्यांची यादी, उघडून आपला जिल्हा, कोर्ट आणि तारीख निवडा. वकील मंडळी या यादीलाच बोर्ड म्हणतात. दिवाणी आणि फौजदारी यांची बटणं वेगळी असतात. दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्या की फरक समजावायला व्याख्या लागत नाही.

२. मग एकच खटला धरा. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ‘एमएचपीयू’ने सुरू झाला तर महाराष्ट्र, पुणे, शेवटचे चार आकडे वर्षाचे. क्रमांक टाकला की आजवरच्या सगळ्या तारखा दिसतात आणि तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं ते. साक्षीदार गैरहजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, न्यायाधीश रजेवर... कोणत्या कारणाने किती तारखा पडल्या, हे मुलांनाच मोजू द्या. या मोजणीला पूर्ण तास द्या, धडा खरा इथेच आहे.

क्रमांक मात्र घरूनच निवडून आणा, शक्यतो दूरच्या जिल्ह्यातला. एकदा मी नावाने शोधायची मुभा दिली आणि दोन मिनिटांत एका पोराने शेजाऱ्यांचा जमिनीचा दावा काढला. तेव्हापासून ती खिडकी वर्गात बंद.

३. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरातल्या खटल्यांची आकडेवारी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, पाच मिनिटं पुरेत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मिळून चार कोटींहून जास्त खटले प्रलंबित आहेत. तारखा मोजून झाल्यावर हा आकडा पाहिला तर मुलं गप्प होतात. आधी दाखवला तर नुसताच लिहून घेतात.

४. सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठाच्या (राज्यघटनेचे प्रश्न ऐकणाऱ्या, किमान पाच न्यायाधीशांच्या पीठाच्या) सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवल्या जातात. इंग्रजी जड जातं, म्हणून दहाच मिनिटं दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: न्यायाधीश वकिलांना मध्येच का थांबवतात? न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवादही फुकट मिळतात.

५. तयार साहित्य पारखून घ्या. अमेरिकी व्हिडिओ आणि खेळ देखणे असतात, पण त्यात ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, असते. आपल्याकडे ती केव्हाच गेली. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. त्याआधीच्या व्हिडिओंमधली कलमं मुलांना पाठ करायला देऊ नका.

६. शेवटी वर्गातच कोर्ट भरवा. न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील, साक्षीदार आणि पुकारा करणारा शिपाई. शिपायाच्या कामासाठी सर्वांत जास्त हात वर होतात. गेल्या वर्षी आमच्या ‘सरकारी वकील’बाईंनी उठून पहिलंच वाक्य टाकलं, “साक्षीदार आजारी आहे, पुढची तारीख मिळावी.”