"काल कुठं होता?" : विदर्भात रोजगार सर्वेक्षणाच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

पहिल्याच महिन्यात माझे अकरा फॉर्म परत आले. अकराही बायकांचे. प्रत्येकीपुढे मी ९२ हा कोड लिहिला होता, म्हणजे फक्त घरकाम. जानेवारी होता, कापसाची शेवटची वेचणी सुरू होती, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, राळेगावच्या बाजूचं. पर्यवेक्षकांनी एवढंच विचारलं, "मग या गावातला कापूस कोण वेचतंय?"

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, संपवून नुकतीच एका संशोधन प्रकल्पात लागले होते. आमची प्रश्नावली पीएलएफएसच्या धर्तीवर होती. पीएलएफएस म्हणजे केंद्र सरकारचं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. ते २०१७ पासून चालू आहे आणि २०२५ पासून त्याचे आकडे दर महिन्यालाही येतात. तुम्ही सरकारी कामावर लागा, विद्यापीठाच्या प्रकल्पावर लागा की एखाद्या संस्थेच्या, कामाचे कोड आणि व्याख्या बहुतेक याच असतील. त्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात पाठ होतात. गावातल्या माणसाचं आयुष्य त्यांत कसं बसवायचं, हे मात्र अंगणात बसूनच शिकावं लागतं.

अकरा घरी पुन्हा गेले. पहिल्याच घरी मावशी अंगणात पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, मोळी बांधत होत्या. मी मागच्या वेळी विचारलं होतं, "मावशी, तुम्ही काम करता का?" उत्तर आलं होतं, "नाई वं, घरीच असतो मी." या वेळी आधी बसले, पाणी प्यायले. मोळी आवळताना त्यांची बोटं दिसली. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेला चिरा पडल्या होत्या आणि त्यात हळद भरलेली होती. मी विचारलं, "काल कुठं होत्या?"

"काल आपल्याच वावरात. थोडं वेचायचं राह्यलं होतं."

"परवा?"

"परवा पाटलाच्या वावरात, किलोनं. त्याच्या आंधी बाजार होता, तं नाई गेलो."

असं करत सात दिवस मागे गेलो. दोन दिवस घरच्या वावरात, दोन दिवस मजुरीनं, एक दिवस जाऊबाईच्या शेतात परतफेडीच्या बोलीवर. पाच दिवस शेतात असलेली बाई "घरीच असतो" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. आपल्याकडे 'काम' म्हणजे नोकरी, नाहीतर दुसऱ्याचा रोज. आपल्या वावरात जाणं हे वावरात जाणंच, त्याला कुणी काम म्हणत नाही. म्हणून पहिल्या भेटीत 'काम' हा शब्द तोंडातून काढू नका. कालपासून सुरुवात करा आणि मागे जा. कोड शेवटी लिहा.

आणि कोड नीट लिहा. घरच्या शेतीत बिनपैशाची मदत म्हणजे २१, दुसऱ्याच्या शेतातली रोजमजुरी ५१, सरकारी कामावरची रोजमजुरी ४१. घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी आणणारी बाई ९३ मध्ये जाते आणि श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या माणसांच्या मोजणीच्या, बाहेर पडते. हे मला आजही पटत नाही. तीन कोस चालून डोक्यावर मोळी आणणं हे काम आहे असं माझं ठाम मत आहे. पण फॉर्मवर व्याख्येप्रमाणेच लिहायचं आणि आपलं मत शेऱ्याच्या रकान्यात नोंदवायचं. प्रत्येकानं मनानं कोड दिले तर आकड्याला अर्थ उरणार नाही.

हे का महत्त्वाचं आहे ते पुढच्या आकड्यावरून कळेल. ग्रामीण भारतात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४७.६ टक्के झाला. वर्तमानपत्रात वाचताना वाटतं, बायकांना केवढा रोजगार मिळाला! या वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारात आहे, आणि घरच्या शेतीत बिनपैशाची मदत करणारीही त्यातच धरली जाते. म्हणजे मावशींपुढे मी ९२ लिहिलं तर त्या देशाच्या हिशेबातून जातात आणि २१ लिहिलं तर येतात. त्यांच्या हातात मात्र दोन्हीकडे तेवढेच पैसे असतात. तेव्हा कोडासोबत मजुरीचे दिवस आणि मिळालेली रक्कम विचारायला कधीही कंटाळू नका.

बेकारीच्या आकड्याचंही तसंच. साप्ताहिक स्थिती म्हणजे मागच्या सात दिवसांचा हिशेब. त्यात एका दिवशी एक तास जरी काम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. आमच्याकडे आठवड्यात एखादा रोज लागतोच. उन्हाळ्यात गावं नुसती बसून असतात तरी बेकार म्हणून फार थोडे निघतात, त्याचं एक कारण हे.

बायकांच्या मजुरीत गेल्या काही वर्षांत झालेला मोठा बदल निंदणाचा, म्हणजे तण काढण्याच्या कामाचा, आहे. आधी पेरणी झाली की पोळ्यापर्यंत निंदण पुरायचं. शेताशेतातून बायकांच्या रांगा दिसायच्या, आणि त्या पैशावर लेकरांची दप्तरं यायची. आता सोयाबीनवर तणनाशक मारतात. कापसातही तणनाशकाला न जुमानणारं विनापरवाना बियाणं शिरलंय. गावात त्याला चोरबीटी म्हणतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, त्यालाही निंदणाचा खर्च झेपत नाही. पण फवारणी पुरुष करतो, पंप त्याच्या पाठीवर असतो आणि मजुरीही त्यालाच मिळते. बाईकडे वेचणी उरली. ती किलोवर असते, आणि झाडावर बोंडं विरळ झाली की भाव वाढवून मागावा लागतो. सोयाबीनची सोंगणी एकरी ठेक्यानं जाते, मोठ्या वावरात हार्वेस्टर उतरतो. म्हणून 'शेतमजूर' एवढं लिहून थांबू नका. रोजानं, किलोनं की ठेक्यानं, हे विचारलं तरच बदल पकडता येतो.

वर्षभराच्या बोलीवर राहणारा सालगडी आता शोधावा लागतो. गुढीपाडव्याला साल ठरायचं, आता तरुण पोरं वर्षभर एका दावणीला बांधून घ्यायला तयार नाहीत. ट्रॅक्टरमुळे बैलजोड्याही कमी झाल्या.

तरुण पोरांची मुलाखत मला सगळ्यात अवघड जाते. पहाटे पाचला गावच्या रस्त्यावर ती धावताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. दिवसा अभ्यासिकेत बसतात. विचारलं की म्हणतात, "तयारी करतो." ही तयारी चार-चार, पाच-पाच वर्षं चालते. मधे कुणी चाकणला ठेकेदारामार्फत कंपनीत जातो, काही महिन्यांनी ब्रेक मिळतो, परत येतो, वेचणीत बापाला मदत करतो, पुन्हा धावायला लागतो. याला विद्यार्थी म्हणायचं, बेकार म्हणायचं की घरच्या शेतीतला मदतनीस? ३६५ दिवसांतला जास्त काळ कशात गेला त्यावर मुख्य स्थिती ठरते, आणि ३० दिवस किंवा जास्त केलेलं दुसरं काम दुय्यम स्थितीत जातं. त्याच्याशी महिन्याच्या नावानं बोलू नका. "पोळ्याला गावात होतास का? दिवाळीला? अखाजीला?" असं विचारलं की वर्ष आपोआप उलगडतं. आणि बापासमोर विचारू नका. बापासमोर तो "तयारी"च सांगणार. शेताच्या धुऱ्यावर, एकट्यानं, तो कंपनीतल्या बारा तासांच्या पाळीबद्दल बोलतो.

पूर्व विदर्भात बदली झाली तर सगळं पंचांग बदलतं. तिकडे धानाची रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोह, मेमध्ये तेंदूपत्ता. तेंदूच्या दिवसांत पहाटे अंधारातच अख्खं घर जंगलात असतं. दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे बसतात. त्या पंधरवड्यात पाहणी केली तर रिकामं माणूस भेटणार नाही. जानेवारी ते मार्च गडचिरोलीतल्या कित्येक घरांना कुलूप असतं, कारण माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात.

त्या कुलपाकडे नीट बघा. सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी बाहेर गेलेला माणूस त्या घराचाच सदस्य धरतात. पण दिवसाचं लक्ष्य पुरं करायच्या घाईत नवखा सर्वेक्षक कुलूप दिसलं की नियमावर बोट ठेवून बदली घर घेतो. अशानं ज्यांना गावात काम नाही म्हणून जावं लागलं, नेमकी तीच माणसं यादीतून गळतात. मी दोनदा असं केलं आहे, ते मनातून जात नाही. आता शेजारच्या घरी विचारते, फोन नंबर घेते, होळीच्या आसपास परत चक्कर मारते.

वेळेचं एकच सांगते. हंगामात सकाळी सातच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर जा. अकरा वाजता गावात म्हातारे आणि कुत्रीच असतात, आणि अकरा वाजता घरी भेटलेल्या माणसांवरून गावाचा अंदाज बांधू नका. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात आलेली असते, बायका मोकळ्या बोलतात. नवरा बायकोच्या वतीनं उत्तर देऊ लागला तर "दादा, तुमचं झालं, आता ताईंचं घेते" असं म्हणायचं आणि पेन तिच्याकडे वळवायचं.

राळेगावकडच्या त्या मावशींकडे मी अजून जाते. मागच्या पावसाळ्यात त्यांनी माझी जुनी वही मागून घेतली. वाचता येत नाही त्यांना. बोट ठेवून म्हणाल्या, "यात आमचं निंदण लिहेल आहे नं? तवा किती राह्यत होतं?" मी वाचून दाखवलं. त्यांनी शेजारणीला हाक मारली, तिलाही ऐकायचं होतं.