हिवाळ्याचा छोटा कोलाज क्विल्ट: पांढरं कापड घात करतं तिथे या चुका टाळा

बर्फाची टेकडी, मागे झाडांची रांग, एक छोटं घर आणि वर करडं आकाश. एवढं चित्र ३० × ४० सेंमीच्या क्विल्टमध्ये आरामात बसतं. तुकडे मोजके आणि शिवण थोडी, म्हणून पहिला कोलाज (कापडाचे तुकडे चिकटवून आणि वर टाके घालून केलेलं चित्र) करताना बरेच जण हाच विषय निवडतात. पण या चित्राचा निम्म्याहून जास्त भाग पांढरा असतो आणि पांढरं कापड काहीच लपवत नाही. खालचा गडद रंग, चिकटवणीचा डाग, पेनची रेघ, बॅटिंगमधली (चित्र आणि अस्तर यांच्यामधल्या मऊ थरातली) काडी, सगळं वर उमटतं. खालच्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघतात.

आधी मापाचं बोलू. तयार क्विल्ट ३० × ४० हवा असेल तर चित्राचं मूळ कापड ३६ × ४६ सेंमी घ्या, बॅटिंग आणि अस्तर ४० × ५०. क्विल्टिंगचे (तिन्ही थर एकत्र धरणारे) टाके कापड आत ओढतात, त्यामुळे नेमक्या मापाने कापलेला तुकडा शेवटी एक-दोन सेंमी कमी भरतो. मग घराचं धुराडं किंवा टेकडीचं टोक गोटाखाली (कडेला शिवलेल्या पट्टीखाली) जातं. महत्त्वाचं काहीही कडेपासून ५ सेंमीच्या आत ठेवू नका.

सगळा बर्फ एकाच पांढऱ्या कापडाचा

यामुळे टेकडी सपाट दिसते, कागद चिकटवल्यासारखी. बर्फावरच्या सावल्या निळसर असतात, कारण सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे आकाशाचाच उजेड पडतो. म्हणून पाच-सहा कापडं काढा: दोन-तीन फिकट निळसर-करडी, एक-दोन मोतिया आणि एकच शुभ्र. शुभ्र कापड फक्त उजेड पडतो त्या कडेला, अगदी बेताने वापरा. झाडांचंही असंच. लांबची रांग फिकट आणि निळसर, जवळची गडद. उलट झालं तर मागचं जंगल पुढे येतं आणि घर हरवतं.

तुकडे नुसते मांडून फोनवर फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करा. शेजारचे दोन तुकडे फोटोत एकच करडे दिसले, तर भिंतीवरही ते एकमेकांत मिसळणार. कापड बदलायचं असेल तर ते आत्ताच. चिकटवल्यावर फक्त कडेने गडद दोऱ्याची रेघ मारणं हातात उरतं, आणि त्याने काम निभावतं, खुलत मात्र नाही.

प्रिंटही बारीक हवं. एवढ्या लहान चित्रात मोठी फुलं किंवा पट्टे अर्धवट कापले जातात आणि डोळा तिथेच अडकतो.

पांढऱ्याखालून झाडं डोकावतात

झाडांचे बुंधे लावले, त्यावर टेकडीचा पांढरा तुकडा चिकटवला, आणि इस्त्री उचलताच टेकडीतून करड्या पट्ट्या दिसू लागल्या. हलकं सुती कापड एकेरी असलं की हे होतंच. उपाय तीन. पहिला आणि सर्वात चांगला: गडद तुकडा पांढऱ्याखाली फक्त ६ मिमी जाईल एवढाच ठेवा, बाकीचा कापून टाका. दुसरा: पांढऱ्या तुकड्याच्या उलट्या बाजूला आणखी एक साधं पांढरं कापड चिकटवून तो दुहेरी करा आणि मगच आकार कापा. तिसरा: मांडणीच अशी करा की गडद तुकडा वर येईल.

चिकटवून झाल्यावर लक्षात आलं तर तुकडा गार असताना ओढू नका, धागे निघतील. इस्त्रीने पुन्हा गरम करा आणि चिकटवण मऊ असतानाच एका कोपऱ्यापासून हळू उचला. बहुतेक फ्यूजिबल वेब (इस्त्रीने चिकटणारी जाळी) अशी सुटते. नाहीच सुटली तर वर आणखी एक पांढरा थर देऊन सावली झाका.

बॅटिंगसुद्धा पाहून घ्या. ब्लीच न केलेल्या सुती बॅटिंगमध्ये कापसाच्या तपकिरी काड्या असतात आणि त्या पातळ पांढऱ्याखाली ठिपक्यांसारख्या दिसतात. अशा चित्राला पांढरी, ब्लीच केलेली बॅटिंग घ्या.

चित्र उलटं, कापड पुठ्ठ्यासारखं

फ्यूजिबल वेब म्हणजे कागदावर बसवलेली चिकट जाळी. आकार कागदावर काढायचा, वेब कापडाच्या उलट्या बाजूला चिकटवायची, मग कापायचं. या पद्धतीत सुलटीकडून आकार आरशातल्यासारखा दिसतो. डावीकडे पाहणारं हरीण उजवीकडे वळतं, अक्षरं तर वाचताच येत नाहीत. मूळ चित्र खिडकीच्या काचेवर पालथं धरून मागून गिरवा आणि ती प्रत वापरा.

दुसरी अडचण कडकपणाची. आकाश, टेकडी, घर, खिडकी, खिडकीतला दिवा असे थर चढत गेले की चारपाच चिकटवणी एकावर एक बसतात आणि सुई अडते. मोठ्या तुकड्यांसाठी वेबचा मधला भाग कापून काढा आणि फक्त कडेने ६ ते ८ मिमीची चौकट ठेवा. कड घट्ट बसते, मधलं कापड मऊ राहतं. टेकडीला तर हे करावंच, कारण मऊ बर्फच टाक्यांमध्ये फुगून उठतो.

तुकडा सुटत असेल तर उष्णता कमी पडली असं समजून इस्त्री वाढवत नेऊ नका. जास्त उष्णतेने चिकटवण कापडात शोषली जाते आणि पकड आणखी कमी होते. वेष्टणावर लिहिलेली उष्णता आणि वेळ पाळा. इस्त्री फिरवू नका, दाबून उचला, आणि कागद पूर्ण गार झाल्यावरच सोला. कागद निघत नसेल तर मधोमध टाचणीने हलकी रेघ ओढा, तिथून तो सहज फाटतो. वर-खाली बेकिंग पेपर ठेवा. इस्त्रीच्या तळाला लागलेला चिकटा पुढच्या दाबाला बरोबर शुभ्र तुकड्यावर उतरतो.

नेट किंवा ऑर्गंझा अशा पारदर्शक कापडाने धुकं दाखवायचं असेल तर उघडी इस्त्री लावू नका, कृत्रिम धागा क्षणात आकसतो. कमी उष्णता ठेवा आणि बेकिंग पेपर मध्ये असू द्या.

पेनची रेघ आणि लाल घर

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनच्या रेघेवर इस्त्री फिरली तर ती पक्की बसू शकते. उष्णतेने जाणाऱ्या पेनची रेघ खूप थंडीत परत दिसू लागते आणि गडद कापडावर फिकट खूण सोडते. दोन्ही पेन आधी उरलेल्या कापडाच्या तुकड्यावर तपासा. शक्य तिथे मागच्या बाजूनेच खुणा करा.

लाल, मरून आणि गडद निळ्या कापडाची परीक्षा घ्या: कापड ओलं करा, पांढरं फडकं वर ठेवा, इस्त्रीने दाबा. फडक्यावर रंग आला तर ते कापड रंग सुटणं थांबेपर्यंत धुवा. नाही थांबला तर बर्फाशेजारी ते नकोच.

मशीनवर

मुक्त क्विल्टिंगला (कापड हाताने हवं तसं फिरवत शिवायला) मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करा, डार्निंगचा पाय लावा, आणि ८०/१२ किंवा थर जाड असतील तर ९०/१४ ची नवी सुई घाला. मधले टाके पडेनासे झाले तर बहुधा सुईला चिकटवण लागलेली असते. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन ती पुसा.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की लोक बॉबिन बदलत बसतात, दोष मात्र बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. पाय वर असतानाच दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या बाहेरच राहतो. म्हणून पाय वर करून पुन्हा ओवा, आणि शिवताना तो खाली करायला विसरू नका. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून दोन्ही दोरे धरून ठेवा.

तुकड्यांच्या कडेपासून २ मिमी आत टाके घ्या. त्याहून बाहेर गेलात तर कड उसवते. ३ मिमीपेक्षा बारीक फांद्या कापडाच्या करूच नका, त्या दोऱ्यानेच काढा. थोड्या जाड फांद्यांसाठी कापड उरेबात (धाग्यांना तिरकं) कापा. ते वळतं आणि धागेही कमी निघतात.

आकाशात दाट टाके आणि बर्फात अगदीच विरळ असं झालं की चित्र मध्येच फुगतं आणि कडा लाटांसारख्या होतात. मधून कडेकडे शिवत जा आणि ५ सेंमीहून मोठी जागा रिकामी सोडू नका. बर्फासाठी फिकट करडा-निळा दोरा घ्या. शुभ्र दोऱ्याची रेघ बर्फावर उठून दिसत नाही. मणी आणि टिकल्या सगळ्यात शेवटी, हाताने लावा.

कडा आणि गोट

क्विल्टिंगनंतर पुन्हा मोजून चौकोन कापा. ३० × ४० च्या आयताचे दोन्ही कर्ण बरोबर ५० सेंमी भरतात. ते जुळले तर कोपरे काटकोनात आहेत.

परिमिती १४० सेंमी होते. कोपरे आणि जोड धरून १६५ सेंमी पट्टी लागते. ती ५.५ सेंमी रुंद कापा, मधोमध दुमडा आणि ६ मिमीवर शिवा. कोपऱ्याच्या ६ मिमी आधी थांबलात तरच कोपरा टोकदार वळतो. पट्ट्यांचे जोड तिरके घ्या, सरळ जोडाला गाठ येते. गोट ताणून लावला तर क्विल्ट वाटीसारखा आत वळतो, तेव्हा पट्टी नुसती टेकवत जा.

गोट लावण्याआधी मागच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत १० सेंमीचे चौरस तिरके दुमडून ठेवा. त्यांच्या कडा गोटाच्या शिवणीत पकडल्या जातात आणि दोन खिसे तयार होतात. त्यांत २८ सेंमीची पातळ काठी बसते, आणि मधोमध एका खिळ्यावर क्विल्ट टांगता येतो.